काकांच्या रजेतली डावी बाजू

मी नक्की काय काम करते असं फणसवाडीतल्या आमच्या चाळीत कुणी विचारलं, की सासूबाई माझ्या आधी उत्तर देतात, "ती गाईंचा माळा तपासते." विचारणारा मान डोलावतो आणि घाईघाईने पावसापाण्यावर येतो. मी चिडते, पण चिडून उपयोग नाही, कारण हे उत्तर मीच त्यांच्या तोंडी दिलेलं आहे.

एक्केचाळिसाव्या वर्षी मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाला विषय समजावून सांगायची मला कोण हौस आली होती! विषय होता गाईचं दूध तयार करणारी जीन्स आणि ती बंद-चालू करणाऱ्या रासायनिक खुणा. नवऱ्याने "हं, हं" करत पेपर वाचला. सासूबाईंनी मात्र मटार सोलायचे थांबवून विचारलं, "म्हणजे काय गं?" मी इकडेतिकडे पाहिलं आणि माळ्यावरच्या त्यांच्या मोदकपात्राकडे बोट दाखवलं.

"ते घरात आहे ना?"

"आहे."

"मग रोज का नाही वापरत?"

"वर आहे म्हणून. गणपतीला काढते, झाले गणपती की घासूनपुसून पुन्हा वर."

जीनचंही तसंच, मी म्हटलं. गाईच्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत दुधाचं जीन असतं. कानात असतं, खुराच्या मुळाशी असतं, पण तिथे ते माळ्यावर टाकलेलं असतं. कासेत तेवढं खाली काढून वापरात ठेवलेलं. वर टाकायच्या कामात मिथाइल नावाच्या एका इवल्याशा ठिपक्याचा मोठा हात असतो. असे ठिपके जीनवर येऊन बसले की जीन असून नसल्यासारखं. त्यातलं एक अक्षरही बदलत नाही, फक्त ते कुणी वाचत नाही.

"आणि तू ते ठिपके मोजणार?"

"हो."

"मोज बाई," म्हणून त्यांनी मटाराची टोपली पुढे ओढली.

मला पाहायचं होतं ते साधंच होतं. गाय वेळेवर पिळली नाही तर दूध आटतं हे कुठल्याही गोठ्यात कुणीही सांगेल. पण ते आटताना दुधाच्या प्रथिनाचं जीन खरोखर माळ्यावर जातं का, आणि किती दिवसांत जातं? हे बघायला गाईची चिरफाड करावी लागत नाही. दुधाबरोबर कासेतल्या काही पेशीही बाहेर येतात. त्या गोळा करायच्या आणि त्यांच्यातले ठिपके मोजायचे.

प्रयोगासाठी लालबागच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून असलेला एका छोट्या ट्रस्टचा गोठा मिळाला. सहा गाई होत्या. त्यांचं दूध जवळच्या मुलींच्या वसतिगृहात जायचं. सहांपैकी चौघी एकाच महिन्याच्या आत व्यायलेल्या, चौघींची वासरं ठणठणीत. असं भाग्य मला पुन्हा लाभणार नव्हतं. आमचे सर मार्चअखेर निवृत्त होणार होते, माझ्या दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या आणि तिसरी मिळणार नाही असं पत्र कपाटात होतं. या चार गाईंमधून निष्कर्ष निघाला तर पदवी, नाही तर घरी बसा. लोकांना मी "ज्ञानासाठी करतेय" असं सांगायचे. खरं सांगते, मला दारावरच्या पाटीत नावाआधी डॉक्टर हवं होतं. मुलासाठी बारा वर्षं प्रयोगशाळेबाहेर राहिलेल्या बाईला ते हवंसं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गोठा सांभाळायला एक काका होते. मालवणकडचे, साठी ओलांडलेले, अंगाने काटक. तरुणपणी वर्षभर गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, गिरणी थांबली तेव्हा तात्पुरते म्हणून या गोठ्यात आले आणि इथेच राहिले. गोठ्यामागच्या खोलीत एकटे राहायचे, गाईंशी मालवणीत बोलायचे आणि माझ्याशी शक्य तितकं कमी.

मी त्यांना प्रयोग समजावला. कासेला चार सड, डावे दोन, उजवे दोन. दोन्ही बाजूंचं दूध आत एकमेकांत मिसळत नाही. तेव्हा गाय तीच, चारा तोच, फक्त उजवी बाजू दोन वेळा पिळायची आणि डावी फक्त सकाळी. म्हणजे ज्या गाईवर प्रयोग, तिच्याशीच तुलना. या युक्तीचा मला इतका अभिमान होता की सांगताना मी जवळजवळ टाळीच वाजवली.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "म्याडम, डाव्या बाजून काय पाप केल्यान?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग मी अर्धा तास व्याख्यान दिलं. जनावरांच्या डॉक्टरांची परवानगी आहे, दर आठवड्याला तपासणी आहे, गाईला थोडं ताठरल्यासारखं होईल पण इजा नाही. शेवटी आवाज चढवून म्हटलं, "काका, माझं सगळं यावर आहे. संध्याकाळी डावी बाजू काढायची नाही म्हणजे नाही. आणि रोज वहीत लिहायचं."

"लिवतंय," ते म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. आषाढापासून दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद असायची: उजवी काढली, डावी काढली नाय. त्यांची रजा सोडली तर एकही दिवस चुकला नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी मी सकाळी गिरगावातून बस पकडून लालबागला जायची, प्रत्येक बाजूचं थोडं दूध नळ्यांत भरायची आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत नेऊन गोठवून ठेवायची. उरलेलं सगळं दूध एकाच बादलीत. डाव्या-उजव्या बाजूचं दूध वेगळं मोजावं ही अक्कल मला सुचली नाही. मला पेशी हव्यात, दूध हवंय ते मुलींना, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटल्याचं आठवतं.

श्रावण संपता संपता काका दोन आठवड्यांची रजा टाकून गणपतीला गावी गेले. ट्रस्टने दुसरा माणूस पाठवला. तो अबोल आणि शिस्तीचा होता, भिंतीवरचा माझा कागद वाचून तसंच्या तसं काम करायचा. वहीत त्याच्या फक्त खुणा. अनंत चतुर्दशी झाल्यावर काका परत आले ते माझ्यासाठी खाजं घेऊन. गुळात घोळवलेलं ते खाजं खात गोठ्याच्या कट्ट्यावर बसले असताना मी वासरांकडे बघून म्हटलं, "काका, काय गुबगुबीत झालीत हो ही!" मोबाईलवर फोटोही काढला. काका म्हणाले, "हवा मानावली." लालबागच्या हवेत वासरं मानवतात हे ऐकूनसुद्धा मला काही खटकलं नाही.

सगळे नमुने एकदम तपासायचे ठरलं होतं, त्यामुळे आकडे हाती आले ते जानेवारीत. मी ठिपक्यांचा आलेख काढला. डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही रेषा एकमेकींच्या अंगाला अंग लावून सरळ चालल्या होत्या. चार महिने एकदाच पिळलेली बाजू आणि दोन वेळा पिळलेली बाजू यांत काडीचा फरक नाही! फक्त मध्ये एका जागी, भाद्रपदातल्या चार नमुन्यांत, डावी रेषा वर चढली होती. पहिल्या नमुन्यात नाही, दुसऱ्यात किंचित, तिसऱ्यात बरीच, चौथ्यात सगळ्यात वर. आणि त्यानंतर आठवड्याभरात पुन्हा मुकाट्याने खाली.

सरांनी चष्मा वर करून आलेख पाहिला आणि टेबलावर थाप मारली. "गणपतीचे दिवस! लालबागचे ढोल, लाउडस्पीकर. ताण, ताण!" माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन मी नव्या प्रकरणाचं शीर्षकसुद्धा लिहून टाकलं. त्या दिवशी माघी गणेश जयंती होती. सासूबाई स्टुलावर चढून मोदकपात्र खाली काढत होत्या, मी स्टूल धरून त्यांना ढोलांची गोष्ट सांगत होते.

त्यांनी वरूनच विचारलं, "दोन्ही बाजूंचं दूध बिघडलं?"

"नाही, डाव्या बाजूचंच."

"मग ढोल काय डाव्याच बाजूला ऐकू येतो का गं?"

मी स्टूल सोडायच्या बेतात होते. पदवीधर बाईची इतकी शोभा तिच्या सासूने कधी केली नसेल, आणि तीही हातात मोदकपात्र घेऊन. सासूबाई मात्र खाली उतरून उकड काढायला लागल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझे ते मालवणी काका माघीला नाही का जात गावी? खाजं छान होतं हो."

मी आत जाऊन आलेख काढला, तारखा पाहिल्या. रेषा चढायला लागली काका गेल्यावर. उतरली काका आल्यावर.

मोदक न खाता मी बस पकडली. रस्ताभर मी मनातल्या मनात काकांना फैलावर घेत होते. खोटं लिहिलंत, माझ्या चार वर्षांची माती केलीत, वगैरे. गोठ्यात पोचले तेव्हा संध्याकाळची वेळ होती. काकांनी चौघींना दोन्ही बाजूंनी पिळून नुकतीच बादली झाकली होती, कारण प्रयोग संपून तीन महिने झाले होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती. त्यांनी एकेक करून चारही वासरांची दावी सोडली. चांगली शिंगं फुटू लागलेली ती दांडगी वासरं धावत सुटली, आपापल्या आईच्या मागून वळसा घातला आणि चारही जणं जाऊन डाव्या बाजूला लागली. उजव्या बाजूला एकही गेलं नाही.

काकांनी वळून पाहिलं आणि टोपी काढली.

"म्हणजे रोज?" मी विचारलं.

"रोज."

"आणि वहीत?"

"मी खोटां लिवूक नाय म्याडम. तुमी सांगलास डावी काढू नको, मी काढूक नाय. हातच लावूक नाय. वासरू प्यालां, तेका मी काय करू?"

मी पालथ्या बादलीवर बसले. इतका राग आला होता की रडूच येत होतं. मी म्हटलं, "काका, मी सांगितलं होतं ना, माझं सगळं यावर आहे?"

त्यांनी हातातलं दावं खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "सांजेक कास ताठली की गाय मागे वळून बघता. तुमी सकाळी येतास, तुमका ता दिसणा नाय. ती तशीच उभी रवतली आणि मी जेवन निजू? माका जमूक नाय."

वासरांच्या चुटूचुटू पिण्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजातच मला हळूहळू आलेख दिसायला लागला. काका असताना डावी बाजू रोज संध्याकाळी रिकामी होत होती. काका गेले, बदली माणसाने कागदाबरहुकूम काम केलं, डावी बाजू तुंबली आणि जीनवर ठिपके चढले. काका आले, वासरं सुटली, ठिपके उतरले. मला बघायचं होतं जीन माळ्यावर जातं का. इथे तर ते वर जाऊन परत खाली आलेलंही दिसत होतं, चारही गाईंमध्ये, एकाच वेळी. असला प्रयोग मी मुद्दाम आखायला गेले असते तर मला सुचलाही नसता. मी बादलीवर बसल्या बसल्या हसायला लागले. काका घाबरले आणि पाणी आणायला धावले.

सरांनी सगळं ऐकलं, आधी मला बादल्या वेगळ्या न ठेवल्याबद्दल झाडलं आणि मग म्हणाले, "प्रबंध होईल. पण एक लक्षात घे. काय झालं ते जसंच्या तसं लिहावं लागेल. कोणी सोडली, कधी सोडली, सगळं. लपवलंस तर तो उंचवटा नुसता उंचवटा राहतो, त्याला अर्थ नाही." मला तेच भय वाटत होतं. छापलेला प्रबंध ट्रस्टकडेही जाणार. त्यांच्या माणसाने ठरलेलं काम मोडलं हे त्यांनी त्यात वाचलं तर काका त्या खोलीतून जाणार कुठे? दोन दिवस मी ते प्रकरण उघडून नुसती बसून राहिले. पदवी हवी होती आणि ती अशी नको होती.

तिसऱ्या दिवशी काकांनाच जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिवा. मी केलंय ताच लिवतलास मां?" आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून स्वतःच ट्रस्टच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. मी त्यांच्या मागे उभी होते. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणून वासरांनी एवढं अंग धरलं होय! मी येईल त्या पाहुण्याला आमच्या पेंडीचं कौतुक सांगत होते." मग काकांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांगा हो." एवढ्यावर मिटलं. मी बाहेर येऊन काकांना नमस्कारच केला, ते संकोचून दोन पावलं मागे सरले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रबंध दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो आलेख पडद्यावर बराच वेळ ठेवायला लावला. "हे उलटं फिरवणं तुम्ही आधीच योजलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "काका गणपतीला गावी गेले होते."

खोलीत हशा पिकला. पदवी मिळाली. सासूबाईंनी चाळीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात माळ्याची गोष्ट सांगितली.

प्रबंधाची एक प्रत घेऊन मी गोठ्यात गेले. काकांना मराठीत समजावत ते पान वाचून दाखवलं. मी फार खुशीत होते. आलेखावरच्या उंचवट्यावर त्यांचं बोट नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "बघा, या एवढ्याशा डोंगरावर मी डॉक्टर झाले. हे तुमच्या रजेचे दिवस."

काकांनी बोट तिथेच ठेवलं. "म्हणजे ह्या दिसांनी वासरांक कोणी सोडूक नाय."

"नाही ना. म्हणून तर..."

"चारय जणी दोन आठवडे तश्योच उभ्यो रवल्यो," ते म्हणाले. बोट त्यांनी रेषेवरून हळूहळू वर नेलं, पार शेंड्यापर्यंत. "हय सगळ्यात जास्ती?"

"हो."

"त्या दिसा माझ्या घराकडे भजन होता," ते म्हणाले आणि टोपी घालून गाईंकडे गेले.

मी ती पानं हजार वेळा पाहिली होती. डोंगराचा चढ, उतार, चुकीची शक्यता, सगळं मला पाठ होतं. त्या डोंगराखाली चार गाई संध्याकाळी मागे वळून बघत होत्या, हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. पदवीचा आनंद कमी झाला असं म्हटलं तर खोटं होईल. पण लाजही वाटली.

यंदा श्रावणात कळलं की काकांनी रजेचा अर्ज केला नाही. विचारलं तर म्हणाले, भाऊ करतलो गणपती, माका काय. चाळीस वर्षांत त्यांनी गावचा गणपती चुकवला नव्हता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, तुमच्या बदलीवर जो येईल तो पिळेल, संध्याकाळी वासरं सोडायला मी येते. त्यांनी माझ्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमच्या घराकडे गणपती ना?"

"सासूबाई आहेत."

गणपतीत गिरगावातून लालबागला संध्याकाळी जाणं म्हणजे काय, ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. बस अर्ध्यावर सोडायची आणि पुढे पायी, दर्शनाच्या रांगा ओलांडत, पोलिसांना "गोठ्यात जायचंय" असं पटवून देत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डब्यात मोदक दिले. बदलीवरचा तो अबोल माणूस पाच मोदक खाऊन पहिल्यांदा बोलला, "तूप जरा जास्त चाललं असतं." चौघी पुन्हा व्याल्यात, नवी वासरं अजून लहान आहेत, दावं सोडलं की धडपडतात, कुठल्याही बाजूला लागतात.

रोज सहाच्या सुमाराला फोन वाजतो. मागे टाळ, मृदंग, कुणीतरी मोठ्याने आरती म्हणत असतं. काका नमस्कार-चमत्कार काही करत नाहीत.

"सोडलास?"

"सोडली, काका."

"चारय?"

"चारही."

"बरां," म्हणतात आणि आरतीला जातात.